पहिल्या धुण्याचा रंग

माझी गॅलरी बेटावर होती असं सांगितलं की लोकांना आधी समुद्र आठवतो. समुद्र नाही. म्हैसूरहून स्कूटरवर अर्ध्या तासात श्रीरंगपट्टण येतं. तिथं कावेरी दोन वाटांनी जाते आणि पुढं पुन्हा एक होते. मधे उरलेली जमीन म्हणजे ते बेट. दोन्ही बाजूंना पूल आहेत, त्यामुळं आपण बेटावर आलो हे गाडीतल्या माणसाला कळतही नाही. मी मात्र हौसेनं पाटीवर कन्नड आणि इंग्रजीत ‘बेटावरची गॅलरी’ असं लिहून घेतलं होतं. एका पाहुण्यानं ती वाचून विचारलं, "पण बेट कुठाय?" मी म्हणालो, "तुमच्या पायाखाली." तो बिचारा खाली बघायला लागला.

आता ती पाटी उतरली आहे. पुढच्या खोलीत मातीची मडकी, काळे तीळ आणि दर्भाच्या जुड्या विकायला ठेवल्या आहेत, आणि त्यांचा धंदा उत्तम चालतो.

जुन्या रस्त्याला लागून त्या दोन कौलारू खोल्या, मागं अंगण, अंगणात पाण्याचं सिमेंटचं टाकं. भिंतींवर माझी जलरंगातली चित्रं, सगळी नदीची: घाट, नारळ, उसाचे मळे, पुलाखालचे खडक, टोपलीसारख्या गोल होड्या. मी माणसं काढत नाही. माणसं चित्र झाल्यावर येऊन भांडतात की माझं नाक असं नाही. नदीनं आजवर तक्रार केलेली नाही.

घर लष्कर मोहल्ल्यात, रंगाऱ्यांचं. आमची माणसं म्हैसुरात कधी आली ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. कापड रंगवणं आणि छापणं हाच पिढीजात धंदा. घरात मराठी बोलतो, पण बोलता बोलता कन्नड कुठं सुरू झालं ते आम्हालाच कळत नाही. वडिलांच्या डोळ्यांदेखत धंदा आटला. चुलतभावांपैकी कुणी मोबाईलचं दुकान घातलं, कुणी बँकेत चिकटलं. मी चित्रकार होणार म्हटल्यावर वडील एवढंच म्हणाले, "रंगाचंच काम आहे ना? मग आयतु." म्हणजे झालं, चालेल. त्यांच्याकडून एवढा होकार मिळणं म्हणजे फार झालं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. बंगळूरहून म्हैसूरला जाणारी प्रत्येक गाडी बेटावरून जायची, आणि शहाळं प्यायला थांबलेला माणूस गॅलरीत डोकावायचाच. जयलक्ष्मीपुरमच्या एका प्राध्यापकांनी तर मोठं चित्र नेलं. पुढं एकदा त्यांच्याकडं गेलो तेव्हा बघतो तर चित्राच्या वर त्यांनी ट्यूबलाइट लावलेली. मला वाटलं, केवढा हा मान. घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "दिसत नसेल हो, म्हणून लावली असेल." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

ती तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यापासून रोज माझ्यासोबत स्कूटरवर मागं बसून यायला लागली. येताना डबा, आल्यावर फडकं. प्रत्येक चित्राची काच पुसायची आणि पुसताना मतं द्यायची. "तुम्ही सगळी संध्याकाळच का काढता?" हे तिचं नेहमीचं. मी चिडून सांगायचो की ही सकाळ आहे, मी पहाटे जाऊन बसलो होतो, तुला सकाळ आणि संध्याकाळ यातला फरक कळत नाही. चित्र पुरं झालं की दुसऱ्या दिवशी त्यावर रंगाचा आणखी एक हात फिरवायचा, ही माझी सवय. त्यानं चित्राला वजन येतं असं मी शिकायला येणाऱ्यांनाही सांगायचो. त्या एका हाताचा मला गर्व होता.

मग नवा मोठा रस्ता झाला. तो बेटाला बाहेरून वळसा घालून जातो. गाड्या एका सकाळी होत्या आणि दुसऱ्या सकाळी नव्हत्या, असंच वाटलं. शहाळेवाले गेले, चुरमुरेवाला गेला, समोरच्या खानावळीनं आधी दुपारचं जेवण बंद केलं आणि मग शटरच ओढलं. मी खुर्ची दारात टाकून बसायचो. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायला लागली आणि त्यांना उठवायला कुणी येत नव्हतं.

अस्थी घेऊन येणारे तेवढे यायचे. रस्त्याखालच्या नदीच्या घाटावर अस्थी सोडायला लांबून लांबून माणसं येतात, आणि कितीही मोठा रस्ता झाला तरी त्यांना बेटावर उतरावंच लागतं. मुंडण केलेले मुलगे, मांडीवर लाल कापडात बांधलेलं मडकं, गाडीत मागं गप्प बसलेल्या बायका. ती माणसं चित्रं बघत नाहीत. फार तर संडास कुठं आहे विचारतात. मी दाखवायचो. दिवसाला तेवढंच बोलणं व्हायचं.

संक्रांत झाल्यावर जागेचे मालक आले. म्हातारा भला माणूस, भाडं मागताना स्वतःच लाजणारा. भिंतीवरचं एकेक चित्र बघून झाल्यावर कन्नडात म्हणाला, "नोडी सार, बघा, चित्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण माणूस आत येत नाही. माझा मुलगा म्हणतो, पुढं अस्थीचं सामान ठेवू. मडकी, तीळ, दर्भ. युगादीपर्यंत बघा. तोवर चार माणसं यायला लागली तर मी मुलाला गप्प बसवतो. नाही तर पुढची खोली त्याची. मागं सामान ठेवायला तुम्ही वापरा."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "अय्यो, मग ठेवू द्या की मडकी. मडक्यात वाईट काय आहे?"

"मी चित्रकार आहे, कुंभार नाही."

"कुंभाराकडं लोक येतात," ती म्हणाली आणि डबा उघडला.

युगादी म्हणजे आपला पाडवा; हातात दोनेक महिने होते. मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. ज्या राजवाड्याची रोषणाई काढणाऱ्या चित्रकारांना मी जन्मभर नावं ठेवली, तोच राजवाडा मी दिव्यांसकट काढला. दसऱ्याचा हत्ती काढला, अंबारीसकट. नव्या रस्त्याच्या फाट्यावर बाणाची पाटी ठोकली; ती आठवड्यात कुणीतरी उचलून नेली. नातेवाइकांच्या ग्रुपवर चित्रांचे फोटो टाकले. त्यावर नमस्काराचे हात आले, आणि एका चुलतभावानं सुचवलं, फोन बदल, कॅमेऱ्यात उजेड कमी येतोय. हत्तीसुद्धा कुणी घेतला नाही. रोज सकाळी शटर उचलताना वाटायचं, आज नको उचलायला. पासष्टी ओलांडलेला माणूस, दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते कुणाला नको. बायकोला दिसू नये म्हणून मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचो.

त्यातच एका सकाळी ती बाई आली. चाळिशीची असेल, साधी सुती साडी, डोळे सुजलेले. दारातून कन्नडात म्हणाली, "अण्णा, इथं स्वल्प बसू का?" मी खुर्ची दिली. तिचे भाऊ आईच्या अस्थी घेऊन खाली घाटावर गेले होते. त्यांच्या घरच्या बायका अस्थी सोडताना पाण्यापर्यंत जात नाहीत, वर रस्त्यावर थांबतात. गाडीत ऊन लागत होतं म्हणून ती उतरली. पिरियापट्टणहून आले होते, तंबाखूची शेती. तिच्या साडीलाही पानं सुकवायच्या भट्टीचा गोडसर वास होता.

तिनं बसून आधी पदरानं घाम पुसला. मग भिंतींकडं बघितलं आणि विचारलं, "ही इथलीच नदी का?"

"इथलीच."

"आईला जिथं नेलंय ती जागा आहे का यात?"

इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. किंमत विचारली होती, फ्रेमसकट का विचारलं होतं. मी अक्षरशः धावत जाऊन कोपऱ्यातलं चित्र काढलं. तोच घाट. माझ्या आईच्या अस्थी मी तिथंच सोडल्या होत्या, आणि गॅलरी सुरू केली तेव्हा पहिलं चित्र त्याच जागेचं केलं होतं. तेव्हापासून ते त्या कोपऱ्यात होतं. चित्र तिच्या हातात दिलं आणि वाट बघत उभा राहिलो. मला वाटलं, एवढ्यासाठीच ही गॅलरी काढली असेल.

तिनं ते दाराकडं धरलं, मग तिरकं धरलं. तिचा चेहरा बदलला.

"इतका अंधार असतो का तिथं?"

"नाही हो. ही सकाळ आहे. सूर्य नुकताच वर आलाय."

"चित्रात रात्र आहे, अण्णा," ती म्हणाली. "आई अंधारात झोपायची नाही. म्हातारपणीसुद्धा दिवा लावूनच झोपायची." आणि ती रडायला लागली.

मी सांगत राहिलो की तिथं ऊन असतं, लख्ख ऊन असतं. बायकोनं पाणी आणून दिलं, तिनंही सांगितलं. पण डोळ्यांसमोर धरलेल्या चित्रापुढं आमच्या बोलण्याला काय किंमत? भाऊ वर आले, गाडीचा हॉर्न वाजला, आणि ती पदरानं तोंड पुसत निघून गेली. निघताना तिनं चित्र खुर्चीवर पालथं ठेवलं होतं.

मालकाच्या मुलानं खोली घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न माझ्यापुरता तिथंच संपला. आई गेलेल्या बाईला आपण एक सकाळ दाखवू शकत नसलो तर गॅलरी कशाला हवी? बायकोनं जेवायला बोलावलं, मी गेलो नाही. ती जवळ आली तर तिच्यावरच खेकसलो. राग कुणावर होता ते तिलाही कळत होतं; तिनं माझा डबा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सगळी चित्रं फ्रेममधून काढायला घेतली. जलरंगाचा जाड कागद धुऊन पुन्हा वापरता येतो. अडचणीत सगळेच चित्रकार ते करतात. मी ठरवलं, सगळं धुऊन टाकायचं, कोरे कागद एखाद्या शाळेला द्यायचे आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवायची. हाताला पहिलं लागलं ते घाटाचंच. टाकं भरलं आणि ते त्यात बुडवलं. थोडं भिजू दिलं, मग स्पंज अगदी हलक्या हातानं फिरवला. काळसर निळा रंग धुरासारखा पाण्यात उतरला.

तो मला ओळखीचा वाटला. आमच्या मागच्या अंगणात लहानपणी रोज असं पाणी असायचं. वडील साड्या रंगवायचे तेव्हा रंग हवा तसा आला की थांबायचे नाहीत, पिंपात आणखी एकदा बुडवायचे. मी विचारलं होतं, आता चांगला दिसतोय, मग परत का? ते म्हणाले होते, "गिऱ्हाईक घरी नेऊन पहिल्यांदा धुईल, तेव्हा जो उरेल तो आपला रंग. त्या धुण्यासाठी एक हात ठेवायचा." आमच्या घरात हे कुणी कुणाला शिकवत नाही. हातच शिकतो.

मी कागद बाहेर काढला आणि उन्हात धरला. पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. पाण्याला तो पहाटेचा पिवळट निळा रंग, पलीकडचे नारळ फिकट, दगड ओले. मी त्या सकाळी जसं बघितलं होतं तसंच, रेघ न् रेघ. मी आयुष्यभर प्रत्येक चित्र बरोबर काढलं होतं आणि मग त्यावर पहिल्या धुण्यासाठी एक हात ठेवला होता. चित्र कुणी धुत नाही. प्राध्यापकांनी ट्यूबलाइट का लावली ते तेव्हा कळलं. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या सकाळी लोकांच्या घरात संध्याकाळ होऊन लटकल्या होत्या, आणि बायको इतकी वर्षं हेच सांगत होती. मी टाक्याच्या कडेवर बसून रडलो, हमसाहमशी.

रडणं ऐकून ती बाहेर आली. कागद माझ्या हातातून घेतला, बराच वेळ बघितला. मी म्हटलं आता ही बोलणार, सांगितलं नव्हतं का मी. ती म्हणाली, "त्या बाईला हे दाखवायला पाहिजे."

"नाव माहीत नाही, घर माहीत नाही. पिरियापट्टण म्हणजे काय आपला मोहल्ला आहे?"

"सुम्ने उगाच वाद घालू नका. घाटावरच्या भटजींना विचारा."

भटजींना फक्त एवढं आठवत होतं की माणसं बाजाराच्या मागच्या बाजूची, तंबाखूवाली. तेवढ्यावर आम्ही जायचं ठरवलं. मधले दोन दिवस उरलेली चित्रं धुण्यात गेले. सगळी वाचली नाहीत. काहींचा नुसता गाळ झाला, दोन फाटली. जी वाचली ती अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. मालक येऊन बघून गेला आणि म्हणाला, "सार, ही आधी कुठं ठेवली होती?" मी हसलो नाही. तो म्हणाला युगादी पुढं ढकलू का. मी नको म्हटलं. पुढची खोली मुलाला द्या, पण दाराजवळ एक बाक ठेवा, बायका वर थांबतात त्यांना बसायला. तो हो म्हणाला.

पिरियापट्टणला बसनं गेलो. चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून बायकोच्या मांडीवर. खिडकीतून तंबाखूच्या भट्ट्या दिसायला लागल्या तसा माझा धीर सुटत गेला. जाऊन सांगायचं काय? तुमच्या दुःखात मी चूक केली, आता दुरुस्त करून आणलंय? बाजारामागं बायकोनंच विचारत विचारत घर काढलं; दारात मांडव अजून उतरवला नव्हता, भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. दार तिनंच उघडलं. आम्हाला ओळखायला तिला वेळ लागला, आणि ओळखल्यावर ती मागं सरकली.

भाऊ मळ्यावर गेले होते. आम्ही पडवीत बसलो. मी कागद उलगडायला लागलो तर तिनं तोंड फिरवलं. "नको अण्णा. मी एकदा बघितलंय."

बायकोनं चित्र माझ्याकडून घेतलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. "अक्का," ती कन्नडात म्हणाली, "माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मीही वरच थांबले होते. रस्त्यावर, झाडाखाली. हे आणि दीर खाली गेले. सासूबाईंना कुठं सोडलं ते मी कधी बघितलं नाही. परवा बघितलं, यात."

बायको वर थांबली होती हे मला माहीत होतं. तिला मागं ठेवून खाली उतरलो होतो तो मीच. पण नंतर ती इतकी वर्षं रोज ते अंधारं चित्र पुसत होती आणि हाच तो घाट हे मी या बाईला चित्र देईपर्यंत तिला ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं, तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती बाई हळूच वळली. चित्राकडं बघितलं, मग वाकून अगदी जवळून बघितलं. "पायऱ्या रुंद आहेत," ती म्हणाली.

"हो. रुंद आहेत."

"आईचे गुडघे दुखायचे."

"तिथं सकाळचं ऊन आधी पायऱ्यांवरच येतं," मी म्हणालो. "मग पाण्यावर."

"कुठल्या पायरीवरून सोडतात?"

मी बोट ठेवून दाखवलं. पाण्याला लागून जी शेवटची दिसते, तिच्यावर. माझं बोट बाजूला होताच तिनं आपलं ठेवलं आणि तसंच राहू दिलं. आतून कुणीतरी कॉफीचं विचारलं, तिचं लक्ष पायरीवरच होतं.

बायकोनं माझ्याकडं न बघता विचारलं, "आणि आपल्या आईंना?"

मी म्हणालो, "तिथूनच." त्या बाईनं आपलं बोट जरा सरकवलं, आणि बायकोनं शेजारी स्वतःचं ठेवलं.